वरचा पाव आटा : लातूर ते सहस्रकुंड, तेलाच्या थेंबामागून

सहस्रकुंडला जायचं ठरलं ते धबधब्यासाठी नाही, हे आधीच कबूल करून टाकते. ते ठरलं अण्णांची परीक्षा म्हणून.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातुरात चाळीस वर्षं ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक होते. गुडघे बोलायला लागले तेव्हा मालकाला नमस्कार करून घरी आले आणि पुढचे सहा महिने त्यांनी घरातलं जे जे फिरतं ते ते खोलून ठेवलं. मिक्सर, पंखे, आईचं शिलाई मशीन. आई वैतागली. त्याच सुमारास मी हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून जुनी मोटारसायकल घेतली. हजार सीसी, चार सिलिंडर, अंगानं भक्कम. त्यांनी ती मोठ्या हौसेनं घेतली होती आणि दोन मोसमांत कंबर धरून सोडली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. चाळिशीला टेकलेल्या शिक्षिकेला हे काय सुचलं, असं गल्लीत सगळ्यांनी विचारून झालं. अण्णांनी विचारलं नाही. गाडी अंगणात उतरली तशी ते तिच्याभोवती दोनदा फिरले, खाली बसून पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, "लई आवळून बसवलंय समदं. हात कुठनं घालायचा?" त्या दिवसापासून मिक्सर सुखात आहे.

ज्यांना या जातीच्या गाड्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. शर्यतीच्या गाडीचं इंजिन आणि लांबच्या प्रवासाची बैठक, असा हा संसार असतो. पळते झकास, पण कंपनीनं ती गुळगुळीत रस्त्यांच्या थंड देशांसाठी बनवलेली असते. मराठवाड्यात आणली की तिच्यात बदल करावेच लागतात. आमच्या गाडीचं हँडल आम्ही इंचभर उंच केलं, म्हणजे मनगटं आणि कंबर वाचली. पुढची काच मला बुटकी पडायची, वारा थेट हेल्मेटवर आदळायचा. गंजगोलाई बाजाराजवळ दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून अॅक्रिलिकची उंच काच कापून घेतली. सामानाच्या पेट्यांसाठी मागे पाइपची चौकट अण्णांनी स्वतः वेल्ड केली. इंजिनाच्या पोटाखाली दगडगोट्यांसाठी पत्र्याचं संरक्षण बसवलं. आणि सगळ्यात भारी म्हणजे पंख्याचं बटण. मूळ गाडीत इंजिन पुरेसं तापलं की पंखा आपोआप सुरू होतो. अण्णांचं म्हणणं, लातूरच्या उन्हात "पुरेसं तापलं" म्हणजे उशीर झालेला असतो. त्यांनी हँडलजवळ एक साधं बटण लावून दिलं, आपल्या मर्जीनं पंखा चालू करायला. गाडीला ते मॅडम म्हणतात. "मॅडमला पाणी पाजलं का?" म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी तपासलं का. शाळेत मलाही मॅडमच म्हणतात, त्यामुळे आमच्या घरी कोणत्या मॅडमला काय पाजायचं याचा रोज घोळ असतो.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजायचं. गाडीच्या पुस्तकात प्रत्येक बोल्ट किती जोरानं आवळायचा याचा आकडा दिलेला असतो, तळाच्या तेलाच्या बोल्टाला तीस. तो जोर मोजायला टॉर्क पाना मिळतो. आकडा लावून ठेवायचा आणि तेवढा जोर झाला की पाना हातात "टक्" करतो, बस्स म्हणून. मी तो मागवला. अण्णांनी डबा उघडूनसुद्धा बघितला नाही. त्यांची रीत वेगळी. बोल्ट बसला की हाताला कळतो, आणि बसल्यावर वरून पाव आटा, म्हणजे फेऱ्याचा चौथा हिस्सा, अजून द्यायचा. ट्रक खड्ड्यांतून हादरत जातो, बोल्ट ढिले होतात. तो वरचा पाव आटा म्हणजे रस्त्याचा वाटा. चाळीस वर्षांत त्यांचा एकही बोल्ट वाटेत पडला नाही. मीही त्यांच्याच हाताखाली पाना धरायला शिकले, त्यामुळे खरं सांगायचं तर तो पाव आटा माझ्याही मनगटात आहे. टॉर्क पाना डब्यासकट कपाटावर गेला. त्यांचं मन दुखवायला नको, म्हणून मीच तो तिथे ठेवला.

पुण्याचा भाऊ मात्र ऐकेना. "ताई, ती काय ट्रक आहे का? अण्णांचे हात आता थरथरतात. हैदराबादच्या सर्व्हिस सेंटरला टाक." हे तो स्पीकरवर बोलला आणि अण्णा तिथेच बसले होते. मग अण्णाच म्हणाले, "तीन दिवस फिरून येऊ दे तिला. कुठं काय वाजलं, गळलं, तर दे हैदराबादला. मी पान्याला हात लावणार न्हाई." भाऊ लगेच हो म्हणाला. मला ते मुळीच आवडलं नाही, पण अण्णांनी स्वतःच्या तोंडानं अट घातली होती.

त्या रविवारी विहारातून आल्यावर अण्णांनी तेल बदललं, चेन साफ केली, टायरची हवा बघितली. मी आतमध्ये पेपर तपासत होते. पुढच्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारी सुट्टी आली होती.

पहिला दिवस : लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड

शनिवारी सहाला निघाले. अण्णा फाटकापाशी उभे होते. "फक्त बस आन् जा," म्हणाले. मग गाडी गिअरमध्ये टाकल्यावर पुढे येऊन म्हणाले, "अहमदपूरला थांबलीस की तेलाचा डोळा बघ." इंजिनाच्या बाजूला काचेची छोटी खिडकी असते, तिच्यातून तेलाची पातळी दिसते, ती म्हणजे तेलाचा डोळा. हे त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं. परीक्षेचं दडपण असेल, असं मी समजले.

लातूर ते नांदेड रस्ता आता चांगला आहे, पण ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. रस्त्याची एक बाजू सोयाबीनची असते. काढलेलं सोयाबीन लोक डांबरावर वाळत घालतात, कडेला दगड मांडतात. शेंगा ठीक, पण सुटे दाणे म्हणजे टायरखाली गोट्या. मी साठच्या वर गेले नाही. शंभर घोड्यांच्या वरची ताकद घेऊन साठनं जाणं हा एक वेगळाच योग आहे, तो इकडेच साधतो.

अहमदपूरला सुशीला खाल्ली. बाहेरच्यांसाठी सांगते, ही बाई नव्हे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घातलेला आमच्याकडचा नाश्ता आहे. वीस रुपयांत पोट भरतं. बशी हातात असतानाच अण्णांचा फोन.

"तेलाचा डोळा बगितला?"

"बघितला. बरोबर मध्यावर आहे."

"बरं," म्हणाले आणि ठेवून दिला.

लोह्याला चहाला थांबले तिथे टपरीवाल्या बाईंनी गाडीचं निरीक्षण केलं. किंमत विचारली, अ‍ॅव्हरेज विचारलं. अठरा सांगितल्यावर "त्याच्यापेक्षा जीप बरी की" म्हणाल्या. मग पैसे घेताना खाली बोट दाखवून म्हणाल्या, "बाई, तुमची गाडी गळून राहिली बघा."

मातीत रुपयाएवढा काळा ठिपका होता. टपरीसमोर दिवसभर ट्रक थांबतात, त्यांतल्याच कोणाचा असेल असं म्हणून मी निघाले. स्वतःला फसवायचं असलं की विज्ञानाची पदवी फार उपयोगी पडते.

नांदेडला मुक्काम माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीकडे, उज्ज्वलाकडे. जयभीम-जयभीम झालं, जेवण झालं, गप्पा झाल्या आणि चार वाजता ती अंगणातून ओरडली. तिच्या नव्या पांढऱ्या फरशीवर तीन काळे थेंब होते. आता ट्रकवर ढकलायची सोय नव्हती.

गळती कुठून हे शोधणं दिसतं तेवढं सोपं नाही. चालत्या गाडीत वारा तेल मागे नेतो, सगळं पोट ओलं होतं. मी पत्र्याचं संरक्षण काढलं, इंजिन खालून रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडं केलं आणि उज्ज्वलाच्या घरातली टाल्कम पावडर सगळीकडे फुंकली. मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पांढऱ्या पावडरीवर ओल जिथून सुरू होते तिथे गळती. उज्ज्वला पालथी पडून माझ्याशेजारी बघत होती. बघता बघता एक बारीक करडी रेघ उमटली, आणि ती खालच्या बोल्टापासून निघाली होती. तेल सोडायला इंजिनाच्या तळाशी जो एकच बोल्ट असतो, तो. मागच्या रविवारी अण्णांनी काढून बसवलेला.

"वायसर खराब असेल," मी म्हणाले.

"एखाद्या मेकॅनिकला दाखव की. नांदेडात काय कमी आहेत?"

"नको."

"का?"

मी तिला परीक्षेचं सांगितलं. ती फरशीवर उठून बसली. "म्हणजे अण्णांना पास करायला तू गळकी गाडी चालवणार?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. संध्याकाळी बोल्टाखाली स्टीलची वाटी ठेवली. सकाळी वाटीचा तळ जेमतेम झाकला होता. तेलाचा डोळा जागचा हलला नव्हता. एवढ्यानं इंजिनाला काही होत नाही, हा हिशेब बरोबर होता. मागच्या टायरवर तेल उडालं तर मला काय होतं, हा मी केलाच नाही. तुम्ही माझ्यासारखं करू नका. टायरच्या पुढे कुठूनही तेल गळत असेल तर गाडी हलवायची नाही, इतकं साधं आहे ते.

दुसरा दिवस : मुदखेड आणि पुढे

मुदखेड नांदेडपासून पंचवीसेक किलोमीटर. रेल्वेचं जंक्शन आणि फुलांचं गाव. दसरा तोंडावर होता, स्टेशनच्या रस्त्यावर झेंडूची पोती रचलेली, हमाल पोती खांद्यावर टाकून फलाटाकडे निघालेले. हेल्मेटमध्ये दोन दिवस पेट्रोल आणि धूळ, आणि काच उचलल्याबरोबर एकदम झेंडूचा तो हिरवट, कडू वास. मी तिथे थांबले ते त्या वासासाठीच.

उतरून मागचं चाक बघितलं. टायरच्या डाव्या कडेला चकचकीत ओला पट्टा होता.

तेव्हा मी जे केलं ते नीट सांगते. पेटीतून पाना काढला. मुख्य स्टँडवर गाडी घेतली, पत्रा सोडवला, खाली वाकले. वायसर बसला असेल, थोडं आवळलं की थांबेल. अण्णांनी शिकवलाय तसा, फक्त पाव आटा. मी पाना लावला आणि फिरवला. बोल्ट घट्ट व्हायला हवा होता. तो शिजलेल्या बटाट्यात फिरावा तसा फिरला, गोल, हळूच, काही विरोध न करता. पाना काढेपर्यंत कढत तेल माझ्या बोटांवरून मातीत पडायला लागलं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीच्या, भोकातले आटे, बोल्ट धरून ठेवणाऱ्या खाचा, गेले होते.

मी बोल्टावर फडकं दाबून बसले. एका फूलवाल्यानं बादली आणली. एका हमालानं पोतं खाली ठेवून विचारलं, "काय करून राहिल्या ताई?" सांगितलं. "मग हबीबचाचाकडं घ्या की. हे काय, समोर. लोखंड कातायचं लेथ हाय त्यांचं." गाडीचं वजन सव्वादोनशे किलोच्या वर. चार जणांनी ढकलली, पाचव्यानं बादली खाली धरली, आणि आमची वरात झेंडूच्या पाकळ्यांतून लेथच्या दारात पोचली.

हबीबचाचा सत्तरीचे असतील. पांढरी टोपी, दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मोटारींच्या, पंपांच्या, ट्रॅक्टरच्या तुटलेल्या वस्तूंच्या ढिगात ते बसले होते. गाडीचं कौतुक नाही, किंमत नाही, अ‍ॅव्हरेज नाही. त्यांनी आधी एक स्वच्छ पातेलं मागवलं. "तेल नवं दिसतंय, बेटा. इकडं हे तेल मिळनार न्हाई. गाळून परत घालू." मग बोल्ट बोटांनी बाहेर काढला, उजेडात धरला आणि बराच वेळ नुसता बघत राहिले. बोल्टाला अॅल्युमिनियमची एक चमकदार तार गुंडाळलेली होती, स्प्रिंगसारखी. भोकातले आटे सोलून निघाले होते ते हे.

"ये अनाडी का काम नै है," ते म्हणाले.

मी विचारलं, कशावरून?

त्यांनी बोल्ट माझ्या नाकापाशी धरला. "अनाडी तिरपा बसवतो. पहिलाच आटा कापला जातो. हे बघा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे निघाले. सीधा हात. जोरवाला हात. ट्रकवाला है कोई." मग बोटानं तारेचं एक टोक दाखवलं. "लेकिन दो हात लगे. पहिल्या हातानं ताणले, ते काळे पडले बघा, सहा-सात दिवसांचे. दुसऱ्यानं आज तोडले. हे चमकून राहिलंय. दुसरा कोन?"

"मी," मी सांगितलं.

"आन् पहिला?"

फूलवाले, हमाल, सगळे उभे होते. मी म्हणाले, "गॅरेजवाला आहे एक. लातूरचा."

बोलताच मला स्वतःची लाज वाटली. चाचांनी मान डोलावली आणि कामाला लागले. पुढचे तीन तास मी जे बघितलं ते कोणत्याही प्रशिक्षणात बघायला मिळालं नसतं. लेथवर स्टीलचा एक बुश वळवला, म्हणजे पोकळ नळीचा तुकडा, बाहेरून मोठे आटे, आतून मूळ बोल्टाचे. भोक हातानं मोठं केलं. मशीन लावलं नाही, अॅल्युमिनियम मऊ आहे म्हणून. आटे पाडायच्या टॅपला ग्रीस थापलं, कारण कीस ग्रीसला चिकटतो, इंजिनात पडत नाही. दर अर्ध्या फेऱ्याला टॅप बाहेर, पुसणं, पुन्हा ग्रीस. बुश बसवला. थोडं तेल वरून ओतून आतली उरलीसुरली धूळ खाली वाहून काढली. पातेल्यातलं तेल मलमलीतून दोनदा गाळून परत घातलं. तांब्याचा नवा वायसर स्वतः कापला.

शेवटी बोल्ट लावला आणि तिथे मी डोळे फाडून बघत राहिले. त्यांनी पाना टोकाला धरलाच नाही. बोल्टाच्या अगदी जवळ, दोन बोटांत, पेन्सिल धरावी तसा धरला.

"लांब धरलं की हाताची ताकद वाढते," ते म्हणाले. "जवळ धरलं की आपल्याला पायजे असला तरी जास्त जोर लागत न्हाई." शाळेत मी दर वर्षी तरफ शिकवते. फळ्यावर. दांडा लांब तर जोर कमी लागतो, एवढंच. दांडा आखूड धरून स्वतःला आवरता येतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"तुमच्या त्या गॅरेजवाल्याला सांगा," पाना पुसत ते म्हणाले. "हात बढिया हाय त्याचा. फकत ये लोहा नै है. बोल्ट बसला की थांबायचं. ट्रकवाले देतात तो वरचा पाव आटा मनात फिरवायचा."

त्यांनी पाचशे सांगितले, मी दिले. फूलवाल्यांनी काही घेतलं नाही, उलट हँडलला झेंडूची माळ बांधली. टायर साबणानं धुऊन, वीस किलोमीटर हळू चालवून, दर पाच किलोमीटरला खाली वाकून बघितलं. कोरडं.

भोकर, हिमायतनगर, इस्लापूर. रस्त्याला सागाची झाडं लागतात, उन्हाचा रंग बदलतो. भोकरच्या पुढे पेट्रोल मिळतं पण टाकी भरून जाणं बरं. सहस्रकुंडला साडेचार वाजले. पैनगंगा तिथे काळ्या खडकांतून फुटते, नावाप्रमाणे हजार नाही पण मोजायला गेलं तर चुकतं एवढ्या धारा. पाऊस ओसरला होता तरी पाणी भरपूर, गढूळपणा निवळलेला. पलीकडचा काठ विदर्भाचा. कठड्यापासून पुढे जाऊ नका, खडक शेवाळलेले आहेत. तिथे मक्याचं कणीस खात, तुषारांत चेहरा भिजवत मी अर्धा तास बसले आणि त्या अर्ध्या तासात आटे, बोल्ट, भाऊ, काही आठवलं नाही.

मग अण्णांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज, त्यामुळे दोघंही ओरडून बोलत होतो.

"पोचलीस?"

"पोचले."

"तेल बगितलं?"

"बघितलं. मध्यावर आहे."

"खालनं गळत तर न्हाई?"

"नाही. कोरडं आहे."

"कोरडं हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं. आवाजात आनंद असायला हवा होता. मला त्यात नवल ऐकू आलं. मुक्कामाला भोकरला परतताना, लॉजमध्ये हातपाय धुताना, ते माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांत मी त्यांना गळतीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मग त्यांनी नेमकं "खालनं" का विचारलं?

(भोकरचा लॉज साधा, साडेसहाशे रुपये, गाडी आत घेऊ देतात. इस्लापूरला सोय बेताची आहे.)

तिसरा दिवस : बिलोली, देगलूर, उदगीर, घर

आल्या वाटेनं परतायचं नाही, हा माझा नियम. भोकरहून नायगाव, बिलोली, देगलूर, उदगीर असा वळसा घेतला. बिलोलीपर्यंत रस्त्याचं काम चालू होतं. डंपर, खडी, धूळ. अण्णांनी लावलेल्या पत्र्यावर पोटाखाली दगड ठणठणत होते आणि दर दगडाला वाटायचं, हा पत्रा नसता तर चाचांचा बुशही गेला असता. बिलोलीत रस्ता अडलेला, वीस मिनिटं भर उन्हात डंपरच्या मागे. पंख्याचं बटण दाबलं. इंजिनाचा काटा चढता चढता थांबला. शेजारी एक नवीकोरी महागडी बाईक घेऊन हैदराबादकडचा एक जण उभा होता, त्याची गाडी तापून बंद पडली. त्यानं बटणाकडे बघून विचारलं, हे कुठे बसवून मिळतं? मी म्हणाले, आमच्या घरी.

देगलूरला धपाटे आणि दही. टपरीवर निम्मं बोलणं तेलुगूत, उरलेल्यात कन्नड, हिशेब मराठीत. तिथे भावाचा फोन आला. "मग? काही प्रॉब्लेम?"

मी म्हणाले, "घरी पोचले की सांगते."

देगलूर ते लातूर मी दोनच गोष्टींचा विचार करत होते. खरं सांगितलं तर अण्णा पान्याला हात लावणार नाहीत, ते शब्दाचे पक्के. खोटं सांगितलं तर मागच्या रविवारची चूक पुढच्या रविवारी पुन्हा होईल, आणि दर वेळी समोर हबीबचाचा असणार नाहीत. तिसरा मार्ग म्हणजे सगळं माझ्यावर घ्यायचं. मी तोडले, हे खोटंही नव्हतं. उदगीरच्या पुढे ऊस आणि तुरीतून रस्ता सरळ आहे. तिथे मी तिसरा मार्ग पक्का केला.

पाचला घरी पोचले. अण्णा फाटकातच होते. गाडी स्टँडवर लावायच्या आत ते खाली बसले, गुडघ्यांसकट, आणि पत्र्याच्या फटीतून बॅटरी मारून बघू लागले. बराच वेळ. मग बोटानं बोल्ट चाचपला.

"हा वायसर माझा न्हाई," ते म्हणाले.

मी ठरवलेलं बोलायला लागले. "अण्णा, मुदखेडला मी उगीच आवळायला गेले आणि माझ्या हातून आटे..."

"सुजे, गप." ते तसेच खाली बसून होते. "तुझ्या हातनं न्हाई. रविवारीच गेले होते. मला हाताला कळलं. बसला म्हणून वरचा पाव आटा दिला, आन् मदी कायतरी मऊ लागलं. तेवढ्यानंच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझा भाऊ म्हणला होता हात थरथरतो. हात थरथरला असता तर बरं झालं असतं. हात न्हाई थरथरला. चाळीस वर्षं जसा फिरला तसाच फिरला." त्यांनी बॅटरी बंद केली. "तीन दिवस मी जेवलो न्हाई नीट. तू निघालीस तवा गाडीपुढं आडवं पडावं वाटलं. पन पडलो न्हाई. परीक्षा नापास व्हायची लाज वाटली. तुझ्या जिवापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली, सुजे."

माझ्या वडिलांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मीही उज्ज्वलाच्या अंगणात तेच केलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. वाटीतलं तेल, टाल्कम पावडर, टायरवरचा ओला पट्टा, सगळं. मग हबीबचाचांचं सांगितलं. सीधा हात, जोरवाला हात, बढिया हात. पाना जवळ धरायचं सांगितलं. मनात फिरवायचा पाव आटाही सांगितला. ते ऐकून अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी चाचांचं नाव पुन्हा विचारलं.

भावाला मी फोन लावला, स्पीकरवर. "गळली," म्हणाले. "अण्णांची चूक होती, माझीही होती. अण्णांचा पत्रा आणि अण्णांचं बटण नसतं तर बिलोलीला अडकले असते. गाडी हैदराबादला जाणार नाही. अट अण्णांनी घातली होती, ती मी मोडते आहे." पलीकडून तो बरंच बोलला. अण्णा मध्येच उठून आत गेले, तेव्हा मला वाटलं, संपलं.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात कपाटावरचा डबा होता. धूळ त्यांनी बनियनला पुसली होती.

"तीस म्हंजे किती," ते म्हणाले, "दाखव."

मी आकडा लावून दिला. तेल थोडं गार व्हायची वाट बघितली. अण्णा गुडघ्यावर बसले, पत्रा सोडवला, पाना बोल्टाला लावला आणि फिरवू लागले, डोळे मिटून, जसे ते नेहमी मिटतात. चाचांनी इतकं नेमकं आवळलं होतं की जेमतेम केसभर हलला असेल, आणि पाना म्हणाला, टक्.

अण्णांचे डोळे उघडले. हात मात्र थांबला नव्हता. तो सवयीनं पुढे निघालाच होता. त्यांनी पाना बोल्टावरून सोडवून बाहेर घेतला आणि वरचा पाव आटा हवेत फिरवला.